तुकडे मोजा, जोड तपासा: रचनेच्या खेळण्यांची पारख

खेळण्यांच्या दुकानात ‘क्रिएटिव्ह’ असं न लिहिलेलं खोकं आता शोधूनही सापडत नाही. पोट दाबलं की बालगीत म्हणणारा हत्ती क्रिएटिव्ह, आकड्यांप्रमाणे रंग भरायचं चित्र क्रिएटिव्ह, आणि ज्याचं एकच उत्तर आहे ते चोवीस तुकड्यांचं कोडंही क्रिएटिव्ह. यातलं काही वाईट नाही. पण हत्तीचं काम हत्तीच करतो, मुलाला पोट दाबण्यापलीकडे उद्योग नाही. आणि कोडं एकदा सुटलं की संपलं.

म्हणून इथे फक्त रचनेची खेळणी घेतली आहेत: लाकडी ठोकळे, एकमेकांत बसणाऱ्या विटा, नट-बोल्टचे संच, काड्या-नळीचा मेकॅनो, चुंबकी फरशा आणि माती. वय साधारण दीड ते दहा. कस लावलाय तो दोनच गोष्टींचा. खोक्यात एकसारखे तुकडे किती आहेत, आणि ते एकमेकांना कसे धरतात. रंग, डायनासोर, कार्टूनमधलं पात्र हे सगळं त्यानंतर.

एकसारखेपणावर एवढा भर का, ते आधी सांगायला हवं. शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेलने १८३७ मध्ये जर्मनीत बाड ब्लांकेनबुर्गला लहान मुलांसाठी संस्था काढली. तिलाच पुढे किंडरगार्टन हे नाव मिळालं. तिथल्या खेळण्यांच्या मालिकेत तिसरं खेळणं आहे ते असं: एकेक इंचाचे आठ लाकडी घन, एकत्र रचले की दोन इंचाचा एक मोठा घन. ना रंग, ना चित्र. तेवढ्या आठ घनांतून जिना होतो, खुर्ची होते, कमान होते, नक्षी होते. कारण कुठलाही घन कुठेही चालतो. ‘हा तुकडा कुठला?’ हा प्रश्नच येत नाही. ‘आता कुठे ठेवू?’ एवढाच उरतो. लेगोच्या विटांबाबत याच गोष्टीचा हिशोब झालेला आहे. दोन बाय चार टिकल्यांच्या (टिकली म्हणजे विटेवरचा गोल उंचवटा), एकाच रंगाच्या सहा विटा ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५ वेगवेगळ्या रीतींनी जोडता येतात. सहाच विटा! आगीच्या बंबाची शिडी मात्र बहुधा बंबावरच बसते.

आता खोकं हातात घ्या आणि समोरचं चित्र झाकून मागची यादी वाचा. समजा ‘१०० तुकडे, ८०० रुपये’ असं लिहिलंय. त्यात चाकं आणि आस मिळून १६, खिडक्या-दारं ६, कुंपण १०, दोन बाहुल्या, झाडं-फुलं ८, एका टिकलीचे बारके तुकडे १८. उरल्या ४० विटा. म्हणजे तुकडा ८ रुपयांना पडला असं वाटतं खरं, पण कामाची वीट २० रुपयांना पडली. ही भागाकाराची सवय लागली की निम्मी खोकी आपोआप शेल्फवर परत जातात. निम्म्याहून जास्त तुकडे साधे, एका जातीचे नसतील तर ते खोकं देखाव्याचं समजा. मागे यादी नसेल, फक्त चित्रच असेल, तर तोही एक निकालच आहे.

लाकडी ठोकळ्यांपासून सुरुवात करू, कारण पैसे सर्वांत जास्त काळ इथे पुरतात आणि फसगतही सर्वांत जास्त इथेच होते. बाजारात रंगीत ठोकळ्यांची जी बादली मिळते तिच्यात घन, नळकांडी, त्रिकोण, कमान, घड्याळाचा तुकडा, एबीसीडीचे तुकडे असं सगळं थोडं थोडं असतं. दिसायला भरगच्च. पण त्रिकोणाची उंची घनाशी जुळत नाही, कमानीखाली नळकांडं बसत नाही, आणि दोन खांबांवर आडवी पट्टी टाकायची तर एकाच उंचीचे दोन खांब बादलीत नसतात. मूल चार दिवसांत बादलीच डोक्यावर घालून खेळायला लागतं. ते त्याच्या परीने बरोबरच आहे.

ठोकळ्यांचं माप कसं असावं हे शंभर वर्षांपूर्वीच ठरलेलं आहे. न्यूयॉर्कमधल्या शिक्षिका कॅरोलाइन प्रॅट यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात जे ठोकळे वापरात आणले त्यांची जाडी, रुंदी आणि लांबी १:२:४ या प्रमाणात होती: दीड इंचाला थोडी कमी जाडी, पावणेतीन इंच रुंदी, साडेपाच इंच लांबी. आपल्या सुताराच्या भाषेत १ इंच ३ सूत, २ इंच ६ सूत, ५ इंच ४ सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). या प्रमाणाची गंमत अशी, की दोन ठोकळे एकावर एक आडवे टाकले की उंची एका रुंदीएवढी होते, आणि दोन रुंद्या शेजारी ठेवल्या की एक लांबी. काहीही कसंही फिरवून ठेवा, कुठेतरी पातळी जुळतेच. मुलाला अपूर्णांक कोणी शिकवलेले नसतात, पण ‘हे दोन म्हणजे तो एक’ हे हाताला कळतं.

हा संच आयता महाग पडतो. सुताराकडून करून घेणं परवडतं, फक्त त्याला नेमकं सांगावं लागतं. आपल्याकडच्या घरांचा आकार पाहता आमचा सल्ला मूळ मापाऐवजी १, २ आणि ४ इंचांचा. प्रमाण तेच राहतं, वजन निम्म्याहून कमी होतं. सागवानात मूळ मापाचा एक ठोकळा साधारण २२० ग्रॅम भरतो; लहान मापाचा ८५ ग्रॅमच्या आसपास. पायाच्या अंगठ्यावर यातला कोणता पडलेला चालेल ते तुम्हीच ठरवा.

पहिल्या संचाला ४ इंची २४, २ इंची १२, ८ इंची ८ आणि १६ इंची ४ एवढे पुरतात. एकूण ४८ नग. मापांची बेरीज २४८ इंच, म्हणजे २० फूट ८ इंच पट्टी. करवतीची जाडी, गाठी आणि फुकट जाणारे तुकडे धरून २४ फूट सांगा. त्रिकोण, कमानी, नळकांडी पहिल्या खेपेला नकोत. सहा महिन्यांनी मूल छप्पर मागायला लागलं की २ इंची तुकडे तिरपे कापून घेता येतात.

सुताराकडे तीन ठिकाणी घोळ होतो. पहिला मापाचा. तुम्ही ‘२ बाय १ ची पट्टी’ म्हणता, तो वखारीतून २ बाय १ आणतो, आणि रंधा मारून झाल्यावर ती पावणेदोन बाय पाऊण उरते. प्रमाण बिघडलं, सगळा खेळ गेला. तेव्हा वाक्य असं हवं: ‘रंधा मारून झाल्यावर २ बाय १ राहिली पाहिजे.’ दुसरा घोळ लांबीचा. सगळ्या खुणा एकदम मारून कापत गेलं की प्रत्येक काप करवतीच्या जाडीएवढं लाकूड खातो आणि तुकडे कमी-जास्त भरतात. कटरच्या टेबलावर ४ इंचांवर एक लाकडी अडण ठोकून प्रत्येक तुकडा तिला टेकवून कापायला सांगा. एका ठोकळ्यात अर्ध्या सुताचा फरक हातात घेऊन जाणवत नाही. तसे उभे सहा रचले की मनोरा शेजारच्या मनोऱ्याहून ३ सूत बुटका निघतो आणि वरची आडवी पट्टी घसरते. मुलाला वाटतं आपलंच चुकलं. तिसरा घोळ पॉलिश पेपरचा. पेपर नुसता हातात धरून घासला की कडा झिजतात, मधे फुगीर राहतं, आणि ठोकळा सपाटीवर डुगडुगतो. पेपर सपाट फळीवर चिकटवायचा आणि ठोकळा त्यावर घासायचा. कोपरे मात्र मुद्दाम बोथट करायचे, साधारण एक-दीड मिलिमीटर.

तपासणी सोपी आहे. कोणतेही दहा ४ इंची ठोकळे टेबलावर ओळीने उभे करा आणि वर पट्टी ठेवा. पट्टीखालून उजेड दिसला तो ठोकळा परत.

लाकूड सागवान, आंबा, रबरवुड, पाइन यांपैकी काहीही चालेल, फक्त वाळलेलं हवं. फर्निचरच्या कामातले सागाचे तुकडे स्वस्तात मिळतात, पण त्यातला पांढुरका, सालीकडचा भाग नको. कीड तिथेच लागते, आणि बारीक पीठ पडायला लागलं की ती घरातल्या कपाटापर्यंत जाते. एमडीएफचे, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीचे, ठोकळे सुरुवातीला सुबक दिसतात. दीड-दोन वर्षांचं मूल ते तोंडात घालणार, आणि लाळ लागून कडा फुगल्या की पुन्हा बसत नाहीत.

वॉर्निश लावूच नका. चकचकीत ठोकळा ठोकळ्यावरून घसरतो. रचनेला खरखरीत लाकडाची पकड लागते. लावायचंच असेल तर कच्चं जवसाचं तेल, एकच हात, आणि आठवडाभर वाळू द्या. दुकानात ‘डबल बॉइल्ड’ म्हणून मिळतं ते नको, त्यात लवकर सुकवणारी धातूंची रसायनं असतात. तेल पुसलेली चिंधी बोळा करून टाकू नका. जवसाच्या तेलाचा बोळा स्वतःच तापून पेट घेऊ शकतो. पसरून वाळवा, मग फेका.

सावंतवाडीच्या चितार आळीतली लाकडी फळं, चन्नपट्टणची लाखेची खेळणी आणि तुळशीबागेतली भातुकली यांचा विचार वेगळा करावा लागतो. ती रचनेची नव्हेत, नाटकाची खेळणी. चन्नपट्टणचं लाकूड म्हणजे आपला काळा कुडा. लेथवर फिरत्या तुकड्यावर लाखेची रंगीत कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेने रंग चढतो आणि केवड्याच्या जातीच्या पानाने झिलई येते. रंग नखाने खरवडला तर पापुद्रा निघता कामा नये. पापुद्रा निघाला तर तो ब्रशने मारलेला ऑइल पेंट, नाव काहीही सांगोत. भातुकली घेताना मोठा नव्वद नगांचा संच टाळा. चूल, दोन पातेली, पोळपाट-लाटणं, चार ताटं एवढं बास. मिक्सर, गॅस आणि फ्रिज मुलं खोक्यांतून काढतात, आणि तिथेच खरा खेळ असतो. ठोकळे आणि भातुकली एकत्र आली की तर घर, अंगण, दुकान सगळं उभं राहतं. दोन्ही एका टोपलीत ठेवायला हरकत नाही.

विटांकडे येऊ. लेगोची आजच्या स्वरूपातली वीट १९५८ ची, डेन्मार्कमधल्या बिलुंडची. वरच्या टिकल्या खालच्या नळ्यांमध्ये घट्ट अडकतात, ही त्यातली युक्ती. दोन टिकल्यांमधलं अंतर ८ मिलिमीटर, विटेची उंची ९.६, चपट्या पट्टीची उंची ३.२, म्हणजे तीन पट्ट्या एका विटेबरोबर. हे आकडे पाठ करायचे नाहीत, पण यांच्यामुळेच एक गोष्ट कळते: विटेच्या खेळण्याची सगळी किंमत साच्याच्या अचूकपणात आहे. प्लास्टिक स्वस्त आहे, साचा महाग आहे. स्वस्त विटांत नेमका तोच ढिला असतो.

दुकानदाराने परवानगी दिली तर तीन चाचण्या करून पाहा. दोन बाय चारच्या दोन विटा फक्त कोपऱ्याच्या एका टिकलीवर जोडा आणि एक वीट धरून आडवी उचला. दुसरी लोंबली नाही पाहिजे. मग दहा विटांचा सरळ मनोरा करून टेबलाच्या कडेशी लावून बघा. केळ्यासारखा वाकला असेल तर विटांची वरची आणि खालची बाजू समांतर नाही. शेवटी चार वर्षांच्या मुलाला विटा सोडवता येतात का ते. फार घट्ट जोडही वाईटच. मूल दातांनी सोडवायला जातं, आणि पुढच्या वेळी मोठ्यांना हाक मारतं. जो खेळ मोडायला मोठं माणूस लागतं तो खेळ मुलाचा राहत नाही.

वयाचं म्हणाल तर दीड ते चारला डुप्लो किंवा तशाच मोठ्या विटा. डुप्लो लांबी, रुंदी, उंची तिन्हीत लेगोच्या दुप्पट असते, आणि लहान विटा तिच्यावर बसतात, त्यामुळे पुढे वाया जात नाही. चारनंतर साध्या विटांचं मिश्र खोकं. लेगोच्या क्लासिक मालिकेतलं ४८४ तुकड्यांचं मधलं खोकं (क्रमांक १०६९६) एका मुलाला सुरुवातीला पुरेसं आहे, पण त्यातही बारके तुकडे बरेच आणि मोठ्या विटा कमी, ही आमची त्याबाबतची कुरकुर. भिंत बांधायला घेतली की विटा संपतात. भर घालताना दुसरं थीमचं खोकं नको. दोन बाय चार आणि दोन बाय दोनच्या सुट्या विटाच घ्या.

थीमचे संच म्हणजे पुस्तिका बघून एकच गाडी किंवा किल्ला करायचा. त्यात हात बसतो, चित्र वाचायची सवय लागते, पण निर्मिती वेगळी. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोठ्या माणसांना लेगो देऊन पाहिलं, तर पुस्तिकेप्रमाणे रचणाऱ्यांची नंतरच्या कल्पकतेच्या कामात कामगिरी मोकळं रचणाऱ्यांपेक्षा कमी भरली. मुलांना तसंच लागू होईल असं त्यावरून म्हणता येत नाही. तरी घरातला अनुभव सगळ्यांना ठाऊक आहे: पूर्ण झालेला किल्ला शोकेसमध्ये जातो आणि त्याला हात लावायची बंदी होते. संच आणलाच तर पुस्तिकेप्रमाणे एकदा करू द्या, आठवड्याने मोडून सगळे तुकडे मोठ्या डब्यात टाका आणि पुस्तिका वेगळी ठेवा.

नट-बोल्टच्या पट्ट्यांचा जन्म लिव्हरपूलचा. फ्रँक हॉर्नबी यांनी १९०१ मध्ये पेटंट घेतलं, पुढे त्याचं मेकॅनो झालं. भोकांमधलं अंतर अर्धा इंच. आपल्याकडे याच धर्तीवर मेकॅनिक्स आणि तसे बरेच संच मिळतात. सात-आठ वर्षांच्या आधी देऊ नका. बोटांत नट धरायची ताकद आणि नट हरवल्यावर न रडण्याची ताकद दोन्ही त्याच सुमारास येतात.

या संचांत सगळ्यात जास्त वैताग येतो तो फिरत्या जोडाचा. चाक किंवा क्रेनचा हात फिरायला हवा म्हणून मूल नट ढिला ठेवतं, आणि दहा फेऱ्यांत नट गळून पडतो. उपाय पुस्तिकेत सहसा नसतो. बोल्ट पट्टीतून घाला, पहिला नट पूर्ण आवळून पाव फेरी मागे फिरवा, मग वरून दुसरा नट चढवा. पहिला नट पान्याने जागच्या जागी धरून दुसरा त्याच्यावर आवळा. दोन नट एकमेकांना जखडतात, पट्टी मोकळी फिरते. त्यासाठी दोन पाने लागतात आणि खोक्यात बहुधा एकच असतो. हार्डवेअरच्या दुकानात एक नट नमुन्याला नेऊन दुसरा पाना आणि वीस-पंचवीस जादा नट घेऊन ठेवा. पत्र्याच्या पट्टीची कड अंगठ्याने हळूच चाचपून बघा, खरखर लागली तर घेऊ नका. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकल्या तर गंज कमी धरतो.

या सगळ्यांत पैशाच्या मानाने पहिला क्रमांक आम्ही देऊ तो विकत न मिळणाऱ्या संचाला: काडेपेटीच्या काड्या आणि सायकलची वॉल्व्ह ट्यूब. अरविंद गुप्ता यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमात काम करताना हा मेकॅनो घडवला. पुढे त्यांनी पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मुलांच्या विज्ञान केंद्रात अनेक वर्षं अशी खेळणी केली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कृतीच्या फिती त्यांच्या संकेतस्थळावर मोफत आहेत, मराठीतही.

सामान एवढंच: लाकडी काड्या, काळी बारीक वॉल्व्ह ट्यूब एक मीटर, एक जाड सुई किंवा बाभळीचा काटा, ब्लेड. मेणकाड्या चालत नाहीत, वाकतात. काड्यांचं गुल मोठ्यांनी आधीच खरवडून टाकायचं. ट्यूबचे दीड-दीड सेंटिमीटरचे तुकडे करा. एक मीटरमध्ये साठाहून जास्त होतात. एका तुकड्यात दोन्ही टोकांनी एकेक काडी सारली की दोन काड्यांचा जोड झाला. तीन काड्या, तीन तुकडे: त्रिकोण. चार काड्या: चौकोन. आता दोन्ही बोटांनी दाबून बघा. चौकोन लगेच तिरपा होतो, त्रिकोण हलत नाही. छपराची कैची, पूल, विजेच्या तारांचे मनोरे यांत त्रिकोण का असतात, हे सांगायचीही गरज उरत नाही.

तीन काड्यांच्या जोडासाठी दोन काड्यांच्या जोडात मधोमध सुईने आरपार भोक पाडा आणि तिसरी काडी टोकदार करून त्यात घुसवा. त्रिकोणाच्या तिन्ही कोपऱ्यांत अशी एकेक काडी उभी केली आणि वरची तीन टोकं तीन काड्यांच्या एका जोडात आणली की चारतोंडी मनोरा तयार, काड्या सहा. भोक आतल्या काड्यांच्या टोकांमध्ये पडलं पाहिजे, म्हणून जोड करताना दोन काड्यांमध्ये २ मिलिमीटर फट ठेवा. नाहीतर सुई काडीवर अडते आणि बोटात घुसते. चार काड्यांसाठी एका ट्यूबमधून दुसरी ट्यूब आडवी ओवावी लागते. ते काम सुरुवातीला मोठ्यांचं.

घन केला, बारा काड्या आणि आठ जोडांचा, तर तो लचकतो. प्रत्येक बाजूला एक कर्ण टाकला, सहाही बाजूंना, की ताठ उभा राहतो. इथे हमखास अडतं: कर्ण बाजूच्या साधारण १.४ पट लांब, काडी तेवढी पुरत नाही. खराट्याची काडी कापून घ्या. ट्यूब दोन-तीन महिन्यांत कोरडी पडून चिरते, म्हणून एका वेळी एकच मीटर आणा. नव्या सायकलींना ही ट्यूब लागत नाही, त्यामुळे सायकलच्या जुन्या दुकानातच विचारा.

चुंबकी फरशांबद्दल थोडक्यात. खेळ म्हणून छान: त्रिकोण-चौकोन आपोआप चिकटतात, चार वर्षांचं मूल घुमट उभा करतं. पण जोड इतका सोपा की समतोल, वजन, टेकू हे फारसं शिकायला लागत नाही. आणि धोका मोठा आहे. फरशी फुटून दोन चुंबकं पोटात गेली तर आतड्याच्या दोन वेटोळ्यांतून एकमेकांना खेचतात आणि आतडं फाटतं; तातडीची शस्त्रक्रिया लागते. कडा वेल्डिंग केलेल्या, कोपऱ्यांना रिव्हेट असलेल्या फरशाच घ्या, आणि चीर पडलेली फरशी त्याच क्षणी कचऱ्यात. तीन वर्षांखालचं भावंड घरात असेल तर आमचं मत सरळ नको असं आहे.

मातीत एकसारखे तुकडे मोजायचा प्रश्नच नाही. शाडू गणपतीनंतर स्वस्तात मिळते. पोळीच्या कणकेपेक्षा जरा घट्ट मळा, ओल्या फडक्यात गुंडाळून प्लास्टिकच्या डब्यात ठेवा. वाळताना तडे जातात ते बहुतेक वेळा जाडीमुळे. बाहेरून वाळतं, आतून ओलं राहतं. बोटाहून जाड भाग आतून पोकळ करा. हात-पाय गळून पडतात, कारण नुसते चिकटवलेले असतात: दोन्ही बाजूंवर काडीने चरे पाडून लोण्यासारख्या पातळ मातीने जोडा. लहानांसाठी घरचा गोळा हवा तर २ वाट्या मैदा, १ वाटी बारीक मीठ, १ मोठा चमचा तेल, १ मोठा चमचा लिंबाचा रस, आणि पाऊण वाटी कोमट पाणी थोडं थोडं घालत मळा. पावसाळ्यात मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि गोळा चिकटतो. चिमूट चिमूट कोरडा मैदा मिसळा. यात मीठ भरपूर असतं, म्हणून खाऊ देऊ नका, कुत्र्यालाही नाही.

दुकानात पैसे देण्यापूर्वी आयएसआयची खूण बघा. १ जानेवारी २०२१ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना ती सक्तीची आहे. साध्या खेळण्यांना आयएस ९८७३, विजेवर चालणाऱ्यांना आयएस १५६४४. खुणेखालचा सीएम/एल क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर या अ‍ॅपवर टाकला की परवाना खरा आहे का ते लगेच कळतं. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांच्या मालाला यातून सूट आहे, त्यामुळे चितार आळीतल्या खेळण्यावर ही खूण नसली म्हणून बिचकू नका. तिथे रंग आणि कडा स्वतः तपासा. तीन वर्षांखालच्या मुलासाठी ३.२ सेंटिमीटर आतल्या व्यासाची पुठ्ठ्याची नळी करून ठेवा. जो तुकडा तिच्यात पूर्ण मावतो तो घशातही जाऊ शकतो. गोल मणी-चेंडूंना ही नळी पुरत नाही. ते साडेचार सेंटिमीटरहून मोठेच हवेत.

किती खेळणी एका वेळी बाहेर ठेवायची? अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठात ३६ लहान मुलांना आळीपाळीने ४ आणि १६ खेळणी देऊन पाहिलं. २०१८ मध्ये ते प्रसिद्ध झालं. चार असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. घरात याचा अर्थ एवढाच, की ठोकळे बाहेर असतील त्या आठवड्यात विटा माळ्यावर. आवराआवरीसाठी जुनी चादर बेस्ट: खेळ चादरीवरच, संपला की चार कोपरे उचलून डब्यात. विटा धुवायच्या तर ४० अंशांपर्यंतच्या कोमट पाण्यात, वॉशिंग मशीनमध्ये नाही. लाकूड ओल्या फडक्याने पुसा, भिजवू नका.

वाढदिवसाला विटा भेट देणार असाल तर त्या घरात आधीच कोणत्या मापाच्या आहेत ते फोन करून विचारा. दुसऱ्या मापाच्या शंभर विटा आल्या की मूल पहिला अर्धा तास बसेल ती आणि न बसेल ती वेगळी करण्यात घालवतं, आणि मग दोन्ही डबे बंद होतात. विचारणं अवघड वाटत असेल तर १:२:४ चे आणखी दहा ठोकळे न्या, किंवा एक मीटर वॉल्व्ह ट्यूब आणि गुल काढलेल्या दोनशे काड्या.